खुर्ची बाहेर, करकर आत

घरात मला संशयी म्हणतात. म्हणू देत. दिवसभर कानाला हेडफोन लावून मी परक्या माणसांची बोलणी टाइप करते: चौकश्या, सुनावण्या, जबाब. कोण काय बोललं ते तर लिहायचंच, पण कोण खोकलं, कुणी घसा साफ केला, कुणाची खुर्ची सरकली तेही कंसात लिहायचं, असा आमच्या कामाचा नियम आहे. बोलता बोलता माणूस गप्प झाला की कंसात ‘शांतता’ असं लिहायचं आणि पुढे जायचं. इतकी वर्षं हे काम केल्यावर माणसाच्या शब्दांपेक्षा त्याच्या खोकल्यावर जास्त विश्वास बसायला लागतो.

नवरा व्हायोलिन वाजवतो. इथल्या मोठ्या वाद्यवृंदात पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची त्याची. म्हणजे बाकीचे व्हायोलिनवाले त्याच्या गजाकडे बघून आपला गज हलवणार. सासरे आयुष्यभर व्हायोलिन शिकवत आले. बाहेर सगळे त्यांना मास्तर म्हणतात, घरात ते बाबा. आता शिकवणं बंद झालं, पण मास्तरकी काही सुटली नाही. नवऱ्याच्या रियाजाच्या खोलीला लागून बाहेरची खोली आहे, तिच्या भिंतीला टेकून बाबांची आरामखुर्ची. मुलाने आत एखादी जागा सुंदर घेतली की बाबा हातातल्या काठीने भिंतीवर एकदा टकटक करतात. ही त्यांची दाद. तोंडाने कौतुक करायचं नाही, पोरं शेफारतात, असं त्यांचं मत.

त्यांची दोन वाक्यं या घरात भिंतींनाही पाठ आहेत. एक, “घासल्याशिवाय धार येत नाही.” आणि दुसरं, कुणी लय सोडून पुढे पळालं की, “घाई कशाची? गाडी चुकतेय?”

यंदा हंगामाच्या पहिल्याच कार्यक्रमात नवऱ्याला एकट्याला पुढे उभं राहून वाजवायचं होतं. त्याच्या तयारीसाठी लांब रजा घेतलीय, असं त्याने आम्हाला सांगितलं. बाबांची मान ताठ झाली. माझे कान.

कारण त्याचा रियाज मी ओळखून आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, वादकाच्या घरी रोज मैफल. कसली मैफल अन् कसलं काय! एवढासा तुकडा वाजायचा आणि बंद. मग बराच वेळ काही नाही. मग आतून त्याचा आवाज, “तिसरं बोट उशिरा.” चोर पकडल्यावर नाव घ्यावं तसं तो त्या चुकीचं नाव घ्यायचा. मग तोच तुकडा गोगलगायीच्या चालीने. जरा बसला न बसला की तो सोडून भलतीकडचा दुसरा तुकडा, मधूनच कुठूनतरी. मग तिसरा. मग पुन्हा पहिला. ऐकणाऱ्याचा जीव नुसता टांगणीला. आणि एवढं झालं की स्वारी आडवी.

“हा रियाज आहे की चाळा?” मी एकदा विचारलं होतं.

“एकच तुकडा सलग घासला ना, की वाटतं आला. सकाळी बघावं तर उडालेला. सोडून दुसरीकडे गेलं आणि परत आलं, की मेंदूला तो पुन्हा शोधावा लागतो. शोधलेलं टिकतं.”

“आणि झोपणं?”

“झोपेत पक्कं होतं.”

“आळशी माणसाला शास्त्र कसं सापडतं बघा,” असं मी म्हटलं होतं. पण एक गोष्ट माझ्या कानांनी कायमची टिपून ठेवली. एकच चूक तो त्याच तऱ्हेने दुसऱ्यांदा करत नसे. चूक झाली की जागच्या जागी थांबायचा. म्हणायचा, रियाजाने चूकसुद्धा पाठ होते, मग ती जन्माची पाठ सोडत नाही.

आणि आता रजा घेतल्यापासून बंद दाराआडून काय ऐकू यायला लागलं? आख्खी रचना. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सलग. संपली की पुन्हा पहिल्यापासून. बाबा खूश. “आता कसं वादकाचं घर वाटतंय!” म्हणाले. संथ भागाच्या शेवटी सूर एकदम वर चढून थांबतो, त्या जागेवर त्यांची काठी हमखास वाजायची.

माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. जलद भागात एके ठिकाणी बोट घसरायचं, त्याच्या मागोमाग खुर्ची करकरायची, आणि वादन तसंच पुढे जायचं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. तीच घसरण, आणि तो न थांबता पुढे! माझा नवरा जेवताना भातात खडा लागला तर थांबतो, मग इथे कसा नाही?

मग मला बाईचा आवाज ऐकू आला.

दोन वादनांच्या मधल्या वेळात मी चहा द्यायला गेले होते. दार आतून लावलेलं. आत एक बाई अगदी मऊ आवाजात म्हणत होती, “डोळे मिटा. हं. घाई करू नका. आता फक्त मधलं. करंगळीला म्हणावं, तू झोप.” आणि माझा नवरा हसला. किती दिवसांत मी ते हसू ऐकलं नव्हतं. चहा मी मोरीत ओतला. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा त्याहून जास्त राग आला.

जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “आज आत कुणाशी बोलत होतास?”

“मॅनेजरशी. कार्यक्रमाचं.”

“मॅनेजर बाई कधीपासून झाला?”

“सूनबाई,” बाबा म्हणाले, “घास तोंडात आहे त्याच्या. सुनावणी उद्यावर ठेवा.”

त्यानंतर मी त्याच्यावर पाळतच ठेवली, खोटं कशाला बोलू. त्याच्या शर्टाला वास घेतला, राळेचा वास आला. राळ म्हणजे गजाच्या केसांना घासतात ती. पण तोही जुना, कपाटातला. ताज्या राळेची पांढरी भुकटी त्याच्या विजारीवर नेहमी सांडलेली असायची, ती झटकत मी म्हातारी व्हायला आले, आणि आता विजार स्वच्छ. तासन्‌तास वाजवणाऱ्याच्या कपड्यावर भुकटीचा कण नाही? बाईपेक्षा या स्वच्छ विजारीने मला जास्त घाबरवलं.

अशातच त्याच्या रियाजाच्या खुर्चीचा पाय निखळला. जुनी लाकडी खुर्ची, बसलेला माणूस जरा हलला की करकरणारी. त्यानेच ती बाहेर आणून ठेवली. सुताराने येऊन सांध्यात सरस भरला, चारही पायांना दोरीचे वेढे देऊन आवळले आणि बजावून गेला, “वाळेपर्यंत कुणी बसायचं नाही.” खुर्ची माझ्या टेबलासमोर उभी राहिली. पलीकडे बाबा डोळे मिटून आरामखुर्चीत. मी टाइप करत होते आणि आत वादन चालू होतं. जलद भाग आला. बोट घसरलं.

आणि खुर्ची करकरली.

मी हेडफोन काढला. समोर बघितलं. खुर्ची दोरीने जखडलेली, माझ्या डोळ्यांपुढे. पायसुद्धा हलवायची सोय नाही बिचारीला. आणि आत तीच करकरत होती, माझ्या ओळखीची, तिच्याच गळ्याची.

मी उठले आणि दार ढकललं. त्या दिवशी कडी लावायला तो विसरला होता. आत शिरून मी दार मागे ओढून घेतलं.

नवरा पलंगाच्या कडेला बसला होता. व्हायोलिन खांद्यावर, गज पेटीत. डावा हात पट्टीवर ठेवलेला, बोटं स्थिर, डोळे मिटलेले. कपाटावरच्या स्पीकरमधून त्याचंच वादन घुमत होतं. समोर टेकून ठेवलेल्या फोनमध्ये पांढऱ्या कोटातली, पिकल्या केसांची एक बाई.

“ह्याच का त्या?” बाई म्हणाली.

“हो, मीच ती,” मी म्हटलं. “आणि तुम्ही कोण?”

“डॉक्टर आहेत,” नवरा म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “वादकांचे हात बघतात.” फोन त्याने बंद केला. मग डावा हात माझ्यासमोर धरला आणि करंगळीशेजारचं बोट उचललं. ते जेमतेम उठलं, पण त्याबरोबर करंगळी तळहातात मुडपून गेली. त्याने पुन्हा केलं. करंगळी पुन्हा आत.

“दुखतंय?” मी विचारलं.

“नाही ना. दुखलं असतं तर बरं झालं असतं, सांगायला तरी काही असतं. हात धडधाकट आहे. बिघाड इथे आहे.” त्याने कपाळावर बोट ठेवलं. “मेंदूत प्रत्येक बोटाची आपापली जमीन असते म्हणे. मी ही दोन बोटं वर्षानुवर्षं इतकी जोरात, इतकी एकत्र राबवली की मधला बांध वाहून गेला. आता एकाला पाणी सोडलं की दुसऱ्याच्या वाफ्यात शिरतं.”

“मग बांध पुन्हा घालता येतो की नाही?”

“काहींचा येतो, काहींचा नाही. एकेक बोट, अगदी हळू. आणि जास्त करून न वाजवता. वाजवायला गेलं की जुनी खोड जागी होते. मनात वाजवलं तर मेंदूतला जवळपास तोच भाग कामाला लागतो, पण करंगळी गप्प राहते. म्हणून मी आख्खी रचना मनात वाजवतो. लयीत. एकही सूर न गाळता.”

“या गोंगाटात?” मी स्पीकरकडे बोट केलं.

“नाही, हे चालू असताना फक्त बोटांचे व्यायाम. हे बंद केलं की मनातलं. तुम्हाला वाटतं मी विश्रांती घेतोय.” तो खाली बघत म्हणाला, “हे बाबांसाठी आहे. मागच्या वर्षी चुका शोधायला एकदा सगळं सलग वाजवून रेकॉर्ड करून ठेवलं होतं.”

“आणि कार्यक्रम?”

“तो दुसऱ्या कुणाला दिलाय. रजा संपली की वाद्यवृंदवाले माझं वादन ऐकतील. जमलं तर पहिली खुर्ची माझी. नाही जमलं तर आता तिच्यावर बसलाय त्याची.”

मला इतका राग आला होता की त्याला धरून हलवावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी तो हात दोन्ही हातांत धरून बसावंसंही वाटत होतं. “मला का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“बाबांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, आणखी घास. घासूनच ही वेळ आली. आणि तू एक प्रश्न विचारला असतास.”

“कुठला?”

“मनात वाजवतोस हे कशावरून? नुसता डोळे मिटून बसत नाहीस कशावरून?”

तोच प्रश्न माझ्या जिभेच्या टोकावर होता. “मग कशावरून?” मी विचारलंच.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “रोज मलाच संशय येतो.”

स्पीकरवर संथ भाग संपत आला होता. सूर वर चढला, थांबला, आणि भिंतीपलीकडून काठी वाजली. टक. आम्ही दोघं भिंतीकडे बघत राहिलो. नवऱ्याने मान खाली घातली आणि व्यायाम तसाच सोडून दिला.

अशी मी चोराची साथीदार झाले. बाबांसमोर “आज छान लागला हं हात” असं म्हणायला लागले. दुसऱ्यांचं खोटं कंसात पकडणारी बाई, पण स्वतः खोटं बोलताना साधी अक्कल चालली नाही. सरस वाळल्यावर खुर्ची आत नेऊन ठेवायची, एवढंच करायचं होतं. मी ती तशीच बाहेर राहू दिली.

बाबांना नवी दुरुस्ती बसून बघितल्याशिवाय चैन पडेना. त्यांनी दोरी सोडली, खुर्ची भिंतीशी ओढली आणि ऐसपैस बसले. “सुतार हुशार आहे,” म्हणाले, “हूं की चूं नाही.” आत वादन चालू होतं. मी उठून काहीतरी करणार तेवढ्यात बोट घसरलं आणि आतली करकर झाली.

बाबांनी बसल्या बसल्या एकदा डावीकडे वजन टाकलं, एकदा उजवीकडे. खुर्ची गप्प. 

“सूनबाई,” ते म्हणाले, “खुर्ची माझ्या बुडाखाली आहे. मग आत कोण करकरतंय?”

मी दाराकडे बघितलं. “मला वाटतच होतं,” ते म्हणाले. “तीच चूक रोज. इतक्यांदा एका जागी आपटायला माझा मुलगा गाढव नाहीये. पण म्हटलं, आपलेच कान म्हातारे झाले असतील.” ते उठले, काठी टेकत दारापाशी गेले आणि त्यांनी दार उघडलं.

नवऱ्याने सगळं सांगितलं. करंगळी दाखवली, बांध सांगितला, मनातलं वाजवणं सांगितलं. बाबांनी त्याचा हात धरून बोटं एकेक करून उलटसुलट पाहिली, विद्यार्थ्याची पाहत असत तशी. हात सोडला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. पण ते बोलले ते वेगळंच.

“म्हणजे इतके दिवस मी डब्याला दाद देत होतो.”

“बाबा, वादन माझंच होतं.”

“तू नव्हतास ना त्यात.” ते दारातून वळले. “आणि आवाजाशिवाय रियाज! उद्या म्हणशील, न जेवता पोट भरलं.”

तेव्हापासून स्पीकर बंद झाला. घर एकदम गप्प झालं. मला माझ्या टाइप करण्याचाही आवाज जड वाटायचा. आत डॉक्टरांचा फोन होऊन जायचा, कधी एखादा सुटा, हळू सूर यायचा, आणि मग कितीतरी वेळ काही नाही. बाबा आरामखुर्ची सोडून त्या जुन्या खुर्चीतच भिंतीशी बसायचे, काठी मांडीवर आडवी. त्यांनी दाद दिली नाही. द्यायची तरी कशाला?

आणि मी? नवऱ्याला “चालू ठेव, जमेल” म्हणायचे आणि कामाला बसले की मनात यायचं, बंद दाराआड एक माणूस डोळे मिटून नुसता बसलाय आणि आम्ही दोघं त्याला रियाज म्हणतोय. रजा संपत आली होती. त्याच्या हाताला काय होतंय हे त्यालाही कळत नव्हतं. आमच्या कामात अशा जागी कंसात ‘शांतता’ लिहितात, आणि तिचा अर्थ काय हे लिहिण्याची सोय नसते.

एका दुपारी नवरा आत गेला. दार लागलं. थोड्या वेळाने बाबा खुर्चीत सावरून बसले आणि त्यांनी काठी उचलली. मला वाटलं, उठतायत. ते उठले नाहीत. पूर्वी शिकवताना सुरुवातीला लय द्यायचे तशी त्यांनी भिंतीवर लय दिली. टक, टक, टक, टक. सावकाश. संथ भागाची.

मग काठी हवेत धरून ते बसले. आत काही आवाज नाही, बाहेर नाही. बाबांचे डोळे मिटलेले, ओठ किंचित हलत होते. मी हेडफोन काढून ठेवला. कानाचा पडदा दुखेल इतकं ऐकत होते आणि ऐकायला काहीच नव्हतं. बराच वेळ गेला. मनात म्हटलं, झालं, आता म्हाताराही नादी लागला.

बाबांनी काठी भिंतीवर मारली. टक.

आतून लगेच नवऱ्याचा आवाज आला, “घाई कशाची, बाबा? गाडी चुकतेय?”

बाबांनी डोळे उघडले. “जागा आली नाही अजून?” ते ओरडले.

“नाही! अजून दोन ओळी आहेत!”

मी बाबांकडे बघितलं. ते थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरत गेलं की मला त्यांच्याकडे बघवेना. “मधली पुनरावृत्ती मी गाळली,” ते मला हळूच म्हणाले, शाळेतल्या मुलाने कबूल करावं तसं. मग भिंतीकडे तोंड करून मोठ्याने, “चुकलं माझं! पुन्हा पहिल्यापासून घे!”

टक, टक, टक, टक.

या वेळी मीही डोळे मिटले. मला ती रचना काही सुरासुरांनी येत नाही, पण इतके दिवस स्पीकरवर ऐकून तिची चाल कानात होती. तिच्यामागून मी जमेल तशी चालत राहिले. सूर वर चढायला लागला असं वाटलं तेव्हा माझा श्वास आपोआप थांबला.

बाबांनी काठी मारली. पलीकडून नवऱ्यानेही भिंतीवर मारलं, हे त्याने मला नंतर सांगितलं. मी जीव कानात आणून ऐकत होते, पण मला एकच टक ऐकू आली.